चंद्रोदय, सिंगापूर वेळेप्रमाणे

— अहो नाही उल्काताई, घरी सगळं ठीक आहे, कुणाला काही झालेलं नाहीये, शैलेंद्र ऑफिसात आहे, श्रिया शाळेत आहे, आणि मी हसत्ये म्हणजे मला वेड लागलेलं नाही — लागलंही असेल, ते नंतर बघू. चपला इथेच काढू ना? आधी मला एक सांगा, आज सकाळी ग्रुपवर तो मेसेज तुम्हीच पाठवलात ना? ‘आज संकष्टी, चंद्रोदय अमुक वाजता, सिंगापूर वेळेप्रमाणे’, खाली मोदक, खाली जोडलेले हात, खाली परत मोदक? तुम्हीच. दुसरं कोण पाठवणार म्हणा! द्या, पाणी द्या. आणि तुम्ही तुमचा नारळ खवत राहा हो, तुम्ही हात थांबवून माझ्याकडे बघायला लागलात की मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं.

तर तुमचा तो मेसेज आज कुठे येऊन पडला माहित्ये? वन-नॉर्थला, आमच्या इन्स्टिट्यूटच्या मोठ्या हॉलमध्ये, भिंतीएवढ्या पडद्यावर! आज चार वाजता आमचा कार्यक्रम आहे तिथे — मोठा आहे, बाहेरून माणसं येणारेत, पेपरवाले येणारेत — आणि सकाळी त्याची रंगीत तालीम चालली होती. माझा लॅपटॉप जोडलेला, मी बोलत्ये, शेजारी प्रोफेसर ओंग — माझे साहेब, देवमाणूस, रिटायर व्हायला आलेत — आणि पडद्यावर आमचा तक्ता. कसला, तर पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी चंद्र किती वाजता उगवतो, दर महिन्याचा. आणि त्या तक्त्याच्या बरोब्बर शेजारी, कोपऱ्यात, टुंग! तुमचा मेसेज. मोदकासकट. आणि वेळ तीच! आमच्या तक्त्यातली शेवटची ओळ, म्हणजे आजची, आणि तुमचा चंद्रोदय, शेजारी शेजारी, मिनिटाचा फरक नाही, जुळ्या बहिणींसारख्या. प्रोफेसरांनी चष्मा कपाळावर ढकलला, म्हणाले, संजीवनी, हे काय? मी म्हटलं, सणाच्या शुभेच्छा, प्रोफेसर. मग म्हटलं, माझं पोट बिघडलंय. तिथून जी निघाले ती बुओना विस्टा, जुराँग ईस्टला गाडी बदलली, आणि चोआ चू कांगला तुमच्या दारात. आणि गाडीत मला जे हसू फुटलं ना — एकटीच, फू फू करून — शेजारची आंटी उठून दुसरीकडे जाऊन बसली.

खिचडी? नको हो. तुमचा उपास, तुमची खिचडी... बरं, थोडी. दाण्याचं कूट वरून नको, आहे तेवढं पुरे. घाला मग, घालताय तर.

पहिल्यापासून सांगते. खरं म्हणजे सांगायची परवानगी नाही, सह्या केलेल्या आहेत, पण तुम्ही काही बाहेरच्या नाही. तुम्ही तर — तुम्ही कोण आहात ते मी शेवटी सांगते. गेल्या वर्षी मी ग्रुपवर टाकलं होतं, आठवतं? की आमच्याकडे संशोधन आहे, दंडाला एक बटण चिकटवायचं, डायबेटिसवाल्यांना लावतात तसलं, ते रात्रंदिवस रक्तातली साखर मोजत बसतं, डास चावल्याएवढं दुखतं, आणि सुपरमार्केटची व्हाउचरं मिळतील? तुम्ही पण नाव दिलं होतंत आणि वयात बसत नाही म्हणून मी नाही म्हटलं, तर तुम्ही दसऱ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. असू दे असू दे, बोलला नाहीत, मला माहित्ये! तर आम्हाला चिनी माणसं मिळाली, मलाय मिळाली, इंडियन काही मिळेनात. प्रोफेसर हवालदिल. मी म्हटलं, काळजी करू नका, मी आणते. आणि माझ्या फोनमधल्या ज्या पहिल्या ग्रुपात खूप माणसं दिसली त्यात टाकून दिलं. कुठला ग्रुप? तुमचा! ‘चंद्रोदय सिंगापूर’. मंडळाचा मोठा ग्रुप खाली कुठेतरी होता, कोण शोधत बसणार. आणि काय माणसं आली हो — दोन दिवसांत जागा फुल्ल. प्रोफेसर म्हणाले, संजीवनी, तुमची कम्युनिटी विज्ञानाला किती मानते! मी मान हलवली. मला वाटलं, व्हाउचरं.

आता कळलं ना? नाही कळलं. मलाच वर्षभर नाही कळलं, तुम्हाला कसं कळेल. बघा — आमच्या संशोधनातले इंडियन म्हणजे सगळे संकष्टी करणारे. झाडून सगळे. आणि ते मला माहीत नाही, कारण माझ्यापर्यंत नावं येत नाहीत, नुसते नंबर येतात, आणि नंबरापुढे साखर. माझं काम आकड्यांचं. प्रोग्राम मी लिहिलाय, म्हणजे आकड्यांत काही लपलंय का ते शोधणारा. तो प्रोग्राम एके दिवशी म्हणतो, आहे! काय आहे? तर म्हणे, इंडियन लोकांची साखर महिन्यातून एका रात्री उसळी मारते. सगळ्यांची, एकदम, एकाच सुमारास, वाद्यवृंदासारखी. चिन्यांची नाही, मलाय लोकांची नाही, फक्त आपली. कुठल्या रात्री? पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी. किती वाजता? तर दर महिन्याला वेगळ्या वेळी — मी डोकं धरून बसले — आणि मग सहज, अगदी सहज, चंद्र उगवायच्या वेळा शेजारी लावून बघितल्या. अहो, चंद्र वर आला की अर्ध्या तासात साखर वर! उल्काताई, माझ्या अंगावर काटा आला. खरंच काटा. मी त्या खोलीत एकटी उभी राहिले आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. या वयात. या कमरेनिशी.

आणि खाल्लेलं काही नाही बरं का! ते फोनवर लिहायचं असतं ना, काय खाल्लं, कधी खाल्लं — तर त्या दिवशी सगळ्यांनी सकाळीच लिहून टाकलेलं, ‘आज उपास’, आणि पुढे दिवसभर काही नोंदच नाही. प्रोफेसर तर नाचायचेच बाकी होते. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही, आणि चंद्र उगवताच शरीर आपली आपण साखर सोडतं! आणि दुपारी बाराला एक लहान उसळी असायची, तिचं पण त्यांनी उत्तर काढलं — म्हणे यकृत तयारी करतंय. यकृत! हे काय आहे ते तयारी करणारं यकृत, हे बघा, माझ्या वाटीत आहे, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर! साबुदाणा, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, दोन केळी — ह्याला आपण उपास म्हणतो, आणि त्या बिचाऱ्या माणसाला वाटलं उपास म्हणजे उपास. आणि मी समोर बसून माना डोलावत्ये. मी! जिच्या सासूबाई संकष्टीला एरवीपेक्षा दुप्पट खायच्या!

मला कसं नाही कळलं? हेच मी गाडीत स्वतःला विचारत होते. रोज साबुदाणा माझ्या डोळ्यांसमोर थोडाच... म्हणजे मला ती तिथी लक्षातच नसते ना. मी कुठे — म्हणजे — हो, करते ना मी संकष्टी. करते म्हणजे... अहो असं बघू नका. बरं, नाही करत. सासूबाई गेल्यापासून नाही. त्यांनीच मला ग्रुपात घातलं होतं, आणि बाहेर पडलं की खाली सगळ्यांना दिसतं ‘संजीवनी बाहेर पडली’, ते मला बरं नाही वाटलं, म्हणून मी आवाज बंद करून ठेवलाय. फोनवरचा. लॅपटॉपवरचा राहिला, तिथेच घात झाला. हो, मी हात जोडलेले पाठवते दर महिन्याला. बघून नाही पाठवत, वर अंगठा गेला की पाठवते. आणि मंडळात तुम्ही वाढलेलं फराळाचं ताट मी जे खाल्लं ते भुकेनं खाल्लं, श्रद्धेनं नाही. झालं? आता दोन महिने बोलू नका माझ्याशी. पण आज बोला.

कारण गंमत अजून पुढेच आहे. प्रोफेसर भला माणूस, त्यांनी शंका काढली — म्हणाले, लोक चंद्र बघत असतील, बघून मनावर परिणाम होत असेल. बरोबर शंका आहे. मग आम्ही काय केलं, हवामानाची नोंद काढली. तर निम्म्याहून जास्त वेळा आभाळ गच्च! पाऊस! चंद्र दिसणं शक्यच नाही. आणि साखर? वेळेवर वर! ढगाआडचा चंद्र ह्यांच्या शरीराला कळतो! प्रोफेसरांचा विश्वास बसेना, म्हणून ते स्वतः एका शनिवारी बमबोटीत, त्या छोट्या लाकडी मोटारबोटीत, बसून पुलाउ उबीन बेटावर गेले, उजेड नसतो ना तिथे, म्हटलं नुसत्या डोळ्यांनी चंद्र किती दिसतो बघावा. छत्री उडाली, चिंब भिजून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकत माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतात, संजीवनी, काही म्हणजे काही दिसलं नाही, इट इज वंडरफुल! — आणि इकडे तुम्ही, ह्याच सोफ्यावर बसून, पंचांग बघून, ‘चंद्रोदय झाला, नैवेद्य दाखवून जेवून घ्या’ — टुंग! आणि सगळं सिंगापूर वरणभात आणि मोदकांवर तुटून पडतंय! ढगाआडचा चंद्र तुम्ही आहात उल्काताई! हे मी शेवटी सांगणार होते, राहवलं नाही. खोकला आला... पाणी... साबुदाणा घशात गेला.

आणि हा चंद्र ओळखणारा जीन? हो, तो पण सापडला. तो कसा सापडला विचारू नका. एवढ्या ढिगात शोधलं की काही ना काही हाताला लागतंच. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते की असं करू नका. श्रियाला कौतुकानं सांगायला गेले तर ती जेवता जेवता म्हणाली, ‘सो आई, आपण वेअरवुल्फ आहोत, इज इट?’ आणि परत फोनमध्ये. चंद्र उगवला की लांडगे होऊन खाण्यावर तुटून पडणारी माणसं — तिचाच अंदाज जास्त जवळचा होता.

आता खरं काम. हसून झालं. म्हणजे झालं नाहीये, पण थांबवते. मी का आल्ये सांगू? ह्या संशोधनाचा जो पेपर छापून येतोय ना, त्यावर पहिलं नाव माझं आहे. तुम्हाला नाही कळणार त्याचं — म्हणजे कळेल, का नाही कळणार. असं बघा, कामं खूप केली मी, नावं पण आली, पण कायम मधे कुठेतरी. लग्नपत्रिकेत ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या खाली मोठे काका-मोठे आजोबा संपल्यावर बारीक अक्षरांत ‘आणि समस्त’ असतं ना, ती समस्त मी. तिशीत वाटायचं, येईल. चाळिशीत वाटलं, नाही आलं तरी काय बिघडतं. आणि आता आलं. आणि बिघडतं, उल्काताई. मी ते पान छापून काढलंय आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय. शैलेंद्रला पण माहीत नाही. कधीतरी काढून बघते. बघते आणि परत ठेवते. जाऊ दे. हे सांगायला नव्हते आले मी.

विचारायला आल्ये. हे बघा, अजून एक आशा आहे, आणि ती मी गाडीतच शोधून काढली, आंटी उठून गेल्यावर. तुमचा मेसेज आणि चंद्र एकाच वेळी उगवतात. बरोबर? मग साखर कुणामुळे वाढली? तुमच्यामुळे का चंद्रामुळे? कसं सांगणार? मोदकामुळे थोडी वाढत असेल आणि चंद्रामुळे पण थोडी वाढत असेल, कोण नाही म्हणू शकतं? जोवर तुम्ही आणि चंद्र बरोबरीनं चालताय ना, तोवर कुणीही, अगदी कुणीही म्हणू शकत नाही की चंद्र नाही. मी चार वाजता उभी राहीन, हसून सांगीन की आहारविषयक काही गोष्टी अजून तपासायच्या आहेत — असं एक वाक्य घालतात शेवटी, सगळेच घालतात — आणि माझं नाव आहे तिथे राहील. म्हणून फक्त एवढंच सांगा, तुम्ही कधी चुकला नाहीत ना? एकदाही नाही ना? तुम्ही कशाला चुकताय! तुम्ही तर त्या पुण्याच्या दिनदर्शिकेवर विश्वास ठेवू नका म्हणून सगळ्यांना दटावता, सिंगापूर वेळ वेगळी, सिंगापूर वेळ वेगळी. सांगा एकदा तुमच्या तोंडानं — मी कधी चुकत नाही, संजीवनी. म्हणजे मी उठते, ओठ पुसते आणि जाते.

चंद्र पण नाही चुकला म्हणा. म्हणजे एकदा... ते काही नाही, ती मशीनची भानगड होती. डिसेंबरमध्ये. त्या एका रात्री सगळ्यांची साखर चंद्राच्या आधीच वर गेली — चांगली तासभर आधी. चंद्र यायचाय अजून आणि ह्यांची उसळी मारून झाली पण. असं कसं होईल? चंद्राच्या आधी चंद्राचा परिणाम? शक्यच नाही. म्हणजे बटणंच बिघडली असणार, गठ्ठ्यातला एखादा लॉट खराब निघतो. म्हणून ती रात्र आम्ही काढून टाकली हिशेबातून. काढतात तशी. आम्ही म्हणजे... मी. प्रोफेसरांनी विचारलं, मी म्हटलं तांत्रिक बिघाड, ते म्हणाले ओके, आणि —

का थांबलात? खवा ना. काय झालं?

डिसेंबरमध्ये काय? पुण्याला? भाचीच्या लग्नाला. हो, गेला होतात, साडीचे फोटो टाकले होतेत. मग? तिथून पाठवलात. मेसेज तिथून पाठवलात, बरोबर, पाठवणारच, त्यात काय... भिंतीवरच्या दिनदर्शिकेतनं. घाईत, सकाळचा तेवढा एकच. पुण्याची वेळ. अहो, पण घड्याळाप्रमाणे पुण्यात चंद्र तासभर आधी — म्हणजे त्यांच्या घड्याळात जे वाजले होते ते आपल्या घड्याळात — आपल्याकडे तेवढे वाजले तेव्हा चंद्र कुठे होता? समुद्राखाली होता! आणि तुम्ही खाली लिहिलंत, ‘सिंगापूर वेळेप्रमाणे’.

लिहिलंत. सवयीनं.

आणि सगळे जेवले.

अगं आई गं. उल्काताई. अगं आई गं! — नाही, हसत नाहीये, म्हणजे हसत्येच, पण तुम्हाला नाही. तुम्ही रडताय काय? अहो! कुणाला सांगितलं नाहीत अजून? तुमच्या मुलाला, कुशलला पण नाही? सगळ्यांचा उपास चंद्राआधी मोडला म्हणून? दर रात्री मनाला लागून राहिलंय? अहो, गणपती काय घड्याळ लावून दारात बसलाय का! त्याला मोदक मिळाले, तासभर आधी मिळाले, तो तर खूश असेल. पुसा डोळे. खोबऱ्याचे हात नका लावू, हा घ्या रुमाल. इकडे बघा माझ्याकडे. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? आम्ही एवढी यंत्रं लावून बसलो होतो ना, आम्हाला हा प्रयोग सुचला नसता, आणि सुचला असता तरी परवानगी देणाऱ्या कमिटीनं करू दिला नसता — की बघा, चंद्र आहे तिथेच ठेवा आणि फक्त मेसेज हलवा, आणि साखर कुणाच्या मागनं जाते ते बघा. तुम्ही हलवलात! आणि साखर तुमच्या मागनं आली! सगळीच्या सगळी, एका रांगेत, बदकांसारखी! इतका स्वच्छ प्रयोग मी उभ्या जन्मात पाहिला नाही. कसला चंद्र न् कसलं यकृत. नुसत्या तुम्ही. आणि मी तो उचलला आणि टाकला केरात. तांत्रिक बिघाड.

...आता हे कुणाला माहित्ये? दोघींना. ती रात्र तर कागदावर नाहीचे, ती मी काढलीये, कुणी शोधायला जाणार नाही. तुम्ही तुमचं कुणाला सांगणार नाही, एवढे महिने नाही सांगितलंत. मी माझं नाही सांगणार. तुमचा उपास शाबूत, माझं नाव शाबूत, प्रोफेसर आनंदानं रिटायर. चार वाजता टाळ्या. खरंच, काय बिघडतं कुणाचं? एक जीन जास्त.

असं बघू नका हो. मी म्हणून बघितलं फक्त. कसं ऐकू येतं ते. वाईट ऐकू येतं ना? मला पण.

आणि हसू कसं येतंय मला, तेच कळत नाहीये. सकाळपासून छातीत एक दगड होता, की काहीतरी चुकतंय, काहीतरी चुकतंय — सकाळपासून कसला, डिसेंबरपासून — तो निघाला. निघाला आणि नाव पण घेऊन गेला, पण निघाला. किती वाजले? अडीच. म्हणजे प्रोफेसर आता जेवून येऊन खोलीत असतील, टाय बांधत असतील, त्यांना बांधता येत नाही, दर वेळी मी बांधून देते. आता स्वतःच बांधणारेत. नाहीतर नाहीच बांधणार. ते रागावणार नाहीत, तोच तर प्रॉब्लेम आहे, रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसतील आणि मग विचारतील, साबुदाणा म्हणजे नक्की काय?

कुठे गेला माझा फोन? हां. लागतोय. लागतोय... उल्काताई, उठा तुम्ही. हो, घर तुमचंच आहे, कबूल आहे, तरी उठा, नारळ घेऊन आत स्वैपाकघरात जा आणि दार लोटून घ्या. मला तुमच्यासमोर इंग्रजीत रडायची लाज वाटते.